नकटी गोळी

फार वर्षांपूर्वी एका गडावर राणोजी ओतारी बंदुकीच्या लांबट गोळ्या पाडायचा. थोरल्या साच्यात तो शिसं बुडाकडून ओतायचा, धाकट्यात नाकाकडून. ओतल्या जागी जास्तीचं शिसं कापल्याचा व्रण उरायचा.

"तुझ्या गोळ्या नकट्या!" थोरला साचा धाकट्याला हिणवायचा.

"असू देत," धाकटा म्हणायचा, "बूड बघ कसं साफ आहे."

एके दिवशी किल्लेदारांनी फर्मावलं, "राणोजी, एकच साचा ठेव. दुसरा भट्टीत घाल."

कोणता ठेवायचा हे पारखायला लांबवर मडकं टांगलं. थोरल्याची देखणी गोळी बाजूनं गेली. धाकट्याच्या नकट्या गोळीनं मडक्याच्या ठिकऱ्या उडवल्या.

भट्टीकडे जाताना थोरला पुटपुटला, "माझ्या गोळीच्या नाकात काय खोट होती रे?"

"काहीच नाही, दादा. पण बंदुकीची दारू नाक बघत बसत नाही. ती बुडाला धक्का देते, बूड साफ नसलं तर गोळी तिरकी जाते, आणि तुझा व्रण नेमका तिथं होता."