ठिपकीच्या पोटातल्या पिशव्या

जंगलबागेच्या फाटकाशी वेणू आणि तिची आई हौसाबाई उकडलेल्या शेंगा विकायच्या. शेंगांची जड टोपली आई डोक्यावरून आणायची आणि घरी गेल्यावर मान धरून बसायची. वेणूला फार वाईट वाटे. आपल्याला एक हातगाडी मिळाली तर किती बरं होईल, असं तिच्या मनात सारखं यायचं.

कार्तिकात बागेत आवळीभोजनाला ही गर्दी! पिवळ्या, गुलाबी, मोरपंखी साड्या, केशरी जिलब्या, पांढराशुभ्र भात. जेवणं उरकली की माणसं उरलंसुरलं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, वर घट्ट गाठ मारायची आणि तिथेच झाडाखाली ठेवायची. "मुक्या जिवांना तेवढेच दोन घास," असं म्हणत पुण्य पदरात पाडून घरी जायची. आता बागेतल्या हरणांना कुठे गाठ सोडता येते? ती बिचारी पिशवीसकट गिळायची.

एकदा संध्याकाळी, पंगती उठल्यावर, वेणू झऱ्यावर पाणी प्यायला गेली. तिथे तिची लाडकी हरिणी ठिपकी आडवी पडली होती. पोट टम्म फुगलेलं आणि पाय मात्र काडीसारखे. तिचं चिमुकलं पाडस दूध शोधत होतं, पण दूध काही येत नव्हतं. वेणूने कोवळं गवत पुढे केलं, तर ठिपकीने तोंड फिरवलं. वेणूला रडूच फुटलं.

"रडू नको गं, सोनुले," कुणीतरी म्हणालं.

आवळीच्या डहाळीवर एक इवलीशी परी बसली होती. तिच्या पोपटी पंखांवर सोनेरी कण चमचमत होते आणि पिटुकल्या पायांत दवबिंदूंचे पैंजण होते.

"हिच्या पोटात पिशव्या अडकल्यात," परी म्हणाली. "त्या पचत नाहीत, बाहेरही पडत नाहीत. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून ही चरत नाही. अशानं ती उपाशी मरेल. तुला एक इच्छा मागता येईल, पण नीट ऐक हं. स्वतःसाठी मागितलंस, तर काही अट नाही. हिच्यासाठी मागितलंस, तर पोटातली प्रत्येक पिशवी ज्याने ती ठेवली, त्याच्याच हातात परत जाईल. मग ते कुणी का असेना."

वेणूच्या डोळ्यांपुढे लाल चाकांची हातगाडी येऊन गेली. मग आईच्या निळ्या पिशव्या आल्या. विकून उरलेल्या शेंगा आईसुद्धा पिशवीत बांधून आवळीखाली ठेवायची. सगळ्यांपुढे हे उघडं पडलं आणि रखवालदाराने फाटकाशी बसू दिलं नाही, तर खायचं काय? तेवढ्यात पाडसाने पुन्हा आईला ढुशी दिली.

"ठिपकी बरी होऊ दे!" वेणू एका दमात म्हणाली आणि फाटकाकडे पळत सुटली.

तिथे नुसता गोंधळ! ज्याच्या त्याच्या हातात आंबूस वासाची, चिकट पिशवी. "अगं बाई, ही तर माझीच!" मोरपंखी साडीतल्या काकू किंचाळल्या. हौसाबाईच्या ओंजळीत तर निळ्या पिशव्यांचा ढीगच होता. "या ठिपकी हरिणीच्या पोटात अडकल्या होत्या," वेणूने धापा टाकत सांगितलं.

"हौसाबाई, या तुमच्या?" रखवालदाराने विचारलं.

"माझ्याच, दादा," आई रडत म्हणाली. "जिवाला घास म्हणून ठेवत व्हते. मला काय ठावं, मीच त्याचा जीव घेतेय!"

रखवालदाराने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याच्याही हातात त्याच्या डब्याची पिशवी होती ना! तो सगळ्या पिशव्या गोळा करायला लागला, तशी बाकीची माणसंही झाडाखालच्या पिशव्या उचलायला वाकली.

परी अलगद येऊन टोपलीच्या काठावर बसली. "तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस, वेणू. म्हणून हे माझ्याकडून," ती म्हणाली आणि तिने टोपलीवरून हात फिरवला. टोपली फुलासारखी हलकी झाली, आता शेंगांनी कितीही भरली तरी ती तशीच राहणार होती. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला, आवळीचं पान न् पान लखलखलं आणि परी त्यात विरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई पळसाच्या द्रोणात शेंगा देऊ लागली आणि रिकामे द्रोण परत मागून घेऊ लागली. दुपारी ठिपकी पाडसाला घेऊन फाटकाशी आली. तिने टोपलीजवळ नाक आणलं आणि मोठ्या आशेने वेणूकडे पाहिलं. वेणूचा हात शेंगेकडे गेलाच होता. पण माणसांच्या खाण्याची चटक राहिली, तर ठिपकी पुन्हा पिशव्या गिळेल, हे आठवून तिने तो मागे घेतला, तेव्हा तिला अगदी भरून आलं.

"नाही हं, ठिपके," ती म्हणाली. "जा, गवत खा."

ठिपकी थोडा वेळ थांबली. मग वळली आणि उंच गवतात शिरून चरू लागली, आणि पाडस तिच्या पोटाशी दूध पिऊ लागलं.