सुगरणीचे अर्धे घरटे

खाडीकाठच्या एका बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांत घरटे विणतो तो नर आणि पसंत करते ती मादी. नर आधी अर्धेच घरटे विणतो. मादी येते, मधल्या आडव्या विणीवर बसते, चोचीने पाती ओढून पाहते. तिला पटले, तरच तो उरलेले अर्धे विणायला घेतो. या पक्ष्याची मादी त्या पावसाळ्यात एका वादळात गेली. तिने पसंत केलेले अर्धे घरटे फांदीला तसेच लटकत राहिले. ते त्याने पुरे केले नाही आणि उतरवलेही नाही.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. या फांदीवरून त्या फांदीवर जाई, गवताचे पाते आणी, विणी, उसवी, पुन्हा विणी.

"अहो भाऊ," त्याच झाडावरची खार म्हणे, "तुमच्या येरझाऱ्यांनी बाभळीची साल निघायची वेळ आली. घटकाभर बसा की!"

"बसतो," तो म्हणे आणि उडून जाई.

पाहता पाहता बाभळीवर घरटीच घरटी झाली, पण पोटाला दाणा नव्हता. त्या काठची जमीन खारट. समोरच्या बेटावर मात्र भात पिके, आणि तिथल्या मुनिया पक्ष्यांना तयार घरटी हवी असत. खारीने सुचवले आणि घरट्यांच्या बदल्यात दाणे असा व्यवहार सुरू झाला. इकडचा कावळा ओरडून माल सांगे, तिकडचा कावळा ओरडून मागणी सांगे. हाक ऐकू येई, पण मागणारा कधी दिसत नसे. घरटे पोचवायला बगळा होता. त्याला मासे टिपायला बेटावर जायचेच असे.

पावसाळा सरत आला. बाभळीवर आता एकच पुरे घरटे उरले होते, सगळ्यांत मोठे. अशात पलीकडून निरोप आला, "मी मोठ्या थव्याचा पुढारी! सगळ्यात मोठं घरटं पाठव. आजच्या आज! दाणे मागाहून, पण दुप्पट देईन!"

दुप्पट दाणे म्हणजे हिवाळ्याची चिंता मिटली. पक्ष्याने क्षणाचाही विचार न करता घरटे बगळ्याच्या चोचीत दिले.

मग तो वाट पाहू लागला. भरती आली, ओहोटी गेली. तो शेंड्यावर जाई, खाली येई, पुन्हा शेंड्यावर जाई. अखेर हाक आली, "घरटं पोचलंच नाही! दुसरं पाठव, नाहीतर सुगरण लबाड आहे म्हणून खाडीभर ओरडेन!"

"अहो, मी बेटाच्या टोकाला नीट ठेवलं होतं," बगळा म्हणाला. "उचललं कुणी, ते बघत बसायला मी काय राखणदार आहे?"

पक्षी घाबराघुबरा झाला. गवत पिवळे पडले होते. पिवळे पाते वाकवले की तुटते. ओढ्याच्या कडेला थोडे हिरवे गवत उरले होते, पण त्यात जेमतेम एक घरटे झाले असते.

तेवढ्यात इकडचा कावळा आगाऊपणे ओरडला, "याच्याकडे एक अर्धवट लटकतंय!"

"तेच पाठव!" पलीकडून लगेच उत्तर आले. "पण आत्ता!"

तो अर्ध्या घरट्यापाशी गेला. उतरवण्यासाठी त्याने गाठीला चोच लावली. एका बाजूची वीण किंचित सैल झाली होती. तिथेच त्याच्या मादीने ओढून पाहिले होते.

त्याची चोच थांबली. मादी तर त्याची स्वतःची होती, रोज डोळ्यांसमोर होती. तरी ओढून पाहिल्याशिवाय तिने मान हलवली नव्हती. आणि ती मान हलेपर्यंत त्यानेही पुढचे पाते विणले नव्हते. त्यात दोघांपैकी कुणालाच अपमान वाटला नव्हता.

तो कावळ्याकडे गेला. "सांगा त्यांना. आधी विणीचा एक तुकडा पाठवतो. पसंत पडला तर निम्मे दाणे पाठवा, मग घरटं विणीन. घरटं हाती पडलं की उरलेले दाणे आणि पोचल्याची खूण म्हणून आपलं एक पीस बगळ्याबरोबर द्या."

"एवढा अविश्वास?" पलीकडून गर्जना झाली. "मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला?"

"नाही ना," पक्षी म्हणाला. "म्हणूनच."

पुढारी खाडीभर ओरडला आणि गप्प झाला. नंतर कितीतरी दिवस कुणाचीच हाक येईना. "घालवलंत गिऱ्हाईक!" खार म्हणाली. पक्ष्यालाही तसेच वाटू लागले. ओढ्याकाठचे गवत दिवसेंदिवस पिवळे होत होते, आणि तो त्याभोवती घिरट्या घालत होता.

मग एका सकाळी निरोप आला. या खेपेस गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारी मुनिया होती. "तुझ्या अटी ऐकल्या. तुकडा पाठव. मी तो ओढून बघणार हं! मी तरी तुला कुठे ओळखते?"

कित्येक दिवसांनी तो हसला.

तुकडा गेला, निम्मे दाणे आले. त्याने शेवटचे हिरवे गवत आणून घरटे विणले. "मुनियेच्या समोरच ठेवा, आणि पिसाशिवाय परतू नका," त्याने बगळ्याला बजावले. बगळा कुरकुरला, पण पीस काही जड नव्हते. संध्याकाळी तो उरलेले दाणे आणि एक तपकिरी पीस घेऊन आला.

"आता तरी बसा घटकाभर," खार म्हणाली.

"बसतो," तो म्हणाला. तो अर्ध्या घरट्याकडे गेला आणि जिथे त्याची मादी बसली होती, त्या आडव्या विणीवर बसला.

तात्पर्य : दूरच्या, न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल जरूर विकावा, पण आधी नमुना दाखवावा, काही किंमत अगोदर घ्यावी आणि माल पोचल्याची खूण मागावी. खरे गिऱ्हाईक अशा अटींनी रागावत नाही; ज्याला राग येतो, त्याला माल देऊ नये.