निळीच्या रांजणातले उपरणे

एकदा एक रंगारी पाडव्याच्या सकाळी आपल्या गुरूंकडे आला. नाव हैबती. निळीच्या रंगात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्यामुळे लग्नसराईची लुगडी, पागोटी, सारे त्याच्याच दारात येऊन पडे. गुरू म्हणजे तात्या. वय ऐंशीच्या घरात. हैबतीला ही विद्या त्यांनीच दिली होती.

हैबतीने नमस्कार केला आणि म्हणाला, "तात्या, या वर्षी घराकडे लक्ष देणार. संकल्प करूनच आलोय."

"गेल्या वर्षीही हाच केला होतास," तात्या म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षीही."

हैबती ओशाळला. पाडव्याचे संकल्प रामनवमीसुद्धा पाहत नाहीत, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे, त्याचा एकट्याचा नव्हे. पण या खेपेस त्याचे दुःख खरे होते. तो म्हणाला, "काल दुपारी घरी गेलो, तर माझी सहा वर्षांची पोर मला विचारते, 'बाबा, जेवून जाणार का?' पाहुण्याला विचारावं तसं. आणखी एक वर्ष असंच गेलं, तर ती तेवढंही विचारायची नाही. पण काम सोडवत नाही, तात्या. जितका जास्त राबेन, तितकं घराचं भलं होईल, असंच वाटत राहतं."

तात्या उठले, कोनाड्यातली साखरेची गाठी हातात घेतली आणि म्हणाले, "चल, तुझ्या कारखान्यात जाऊ."

कारखान्यात पोचताच त्यांनी खांद्यावरचे पांढरेशुभ्र उपरणे काढले, निळीच्या रांजणात बुडवले आणि शेजारी पाटावर बसून निवांतपणे गाठीचा एकेक खडा चघळू लागले.

निळीचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवे, की रांजणातून कापड निघते तेव्हा ते निळे नसते, पिवळट-हिरवे असते. बाहेरचा वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. म्हणून थोडा वेळ बुडवायचे, काढायचे, वाऱ्यावर धरायचे आणि पुन्हा बुडवायचे. रंगाऱ्याच्या घरी हे शेंबडे पोरही जाणते.

बराच वेळ गेला. हैबतीने उपरण्याला हात घातला, तर तात्या म्हणाले, "राहू दे."

आणखी वेळ गेला. हैबती चुळबुळू लागला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, मग ऐंशीचे काय, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. शेवटी न राहवून तो म्हणाला, "तात्या, आता काढू द्या. असं आत ठेवून रंग चढत नाही. उलट चढलेलाही सुटू लागतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"मी तर म्हणतो, जितकं जास्त बुडेल तितकं निळं होईल."

"नाही होत, तात्या. वारा लागल्याशिवाय नाही होत."

"मग हैबती," तात्या शांतपणे म्हणाले, "कापडाच्या बाबतीत जे तुला इतकं पक्कं ठाऊक आहे, ते स्वतःच्या बाबतीत कसं विसरलास? कारखाना हा तुझा रांजण आणि घर हा तुझा वारा. मी काम सोड म्हणत नाही. कोरं कापड नुसतं वाऱ्यावर टांगलं, तर जन्मभर कोरंच राहील. पण ज्यांच्यासाठी राबतोस त्यांच्यात जाऊन बसला नाहीस, तर राबण्याचं चीज होत नाही. संकल्प कशाला हवा? वेळ झाली की बाहेर ये, एवढंच."

हैबतीचे डोळे भरून आले. त्याने उपरणे काढून अंगणातल्या दोरीवर टाकले. दोघे ते निळे होताना पाहत उभे राहिले.

"उद्यापासून नक्की," हैबती म्हणाला.

तात्या हसले. "उद्या म्हणजे पुढचा पाडवा."

हैबतीने रांजणावर झाकण घातले, हात धुतले आणि भर दुपारी घरची वाट धरली.

दारात पोरीने त्याला पाहिले. "काय न्यायला आलात, बाबा?"

"काही नाही. बसायला आलोय."

पोरीने त्याच्याकडे नीट पाहिले. विश्वास बसावा असे मागे फारसे काही घडले नव्हते. मग ती खाली वाकली, त्याच्या दोन्ही वहाणा उचलल्या आणि कणगीमागे नेऊन लपवल्या.

हैबतीने संध्याकाळपर्यंत त्या शोधल्या नाहीत.