मोहळजाईचा तिखट मध

हा समोर दिसतो तो मोहळजाईचा कडा. काळ्या कातळावर ते सुपाएवढे डाग दिसतात ना, ती आग्या माश्यांची मोहळं. बोट दाखवू नका, नुसतं बघा. आणि मघाशी माझ्या घरात चुलीमागच्या फळीवरची बरणी पाहून तुम्ही हसलात, तिची गोष्ट ह्याच कड्याची आहे. आमच्या मोहटवाडीत घरटी एक बरणी तिखट मधाची असते, खोकल्याला चाटण म्हणून आणि भाकरीशी लावून खायला. तिला झाकण नसतं, तोंडाला नुसतं फडकं. घरची बाई रोज सकाळी ती बरणी उचलून कानाला लावते. पाहुण्यांना गंमत वाटते. वाटू दे. ठकूला वाटली नव्हती.

ठकू म्हणजे हैबतीची बायको. किती पिढ्यांमागची, ते आता कोणालाच सांगता येत नाही. हैबती कड्यावरून दोराला लोंबकळून मध काढायचा आणि वर दोर धरायचा ठकूचा भाऊ रायबा. ही इथली जुनी रीत, दोर बायकोच्या भावानेच धरायचा. सख्खा भाऊ एक वेळ वाटणीसाठी हात सोडेल, पण मेहुणा आपल्याच बहिणीचं कुंकू कसं पुसेल? दुसरी रीत देवीची. मोहळ काढताना ओंजळभर मध माश्यांना ठेवायचा. सगळं ओरबाडून नेलं तर मोहळजाई आपला मध मागायला घरात येते, असे सांगतात.

त्या वर्षी ठकूच्या पोरीला, बायजाला, खोकला लागला. परकर नेसायच्या वयाची पोर, खोकून खोकून काळीनिळी व्हायची. हैबती मध घेऊन आला तशी ठकू तिखट मध घालायला बसली. पण वाळवणातल्या मिरच्या अवकाळी पावसाने बुरसल्या होत्या. मग तिने परसातल्या पिकल्या लाल मिरच्या तोडल्या आणि दवाने ओल्या होत्या तशाच चिरून मधात घातल्या.

सासू म्हणाली, "अगं, मिरची वाळून खुळखुळल्याबिगर मधात पडत न्हाई."

"पोर खोकतीया आत्याबाई, ऊन कुठनं आणू?"

ठकूपाशी माहेरची चिनी मातीची बरणी होती, घट्ट झाकणाची. अशी बरणी गावात दुसरी नव्हती. तिने ती काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि मध मुरेपर्यंत मुंग्या लागू नयेत म्हणून वरून मेणाने लिंपून टाकली. काम चोख झालं म्हणून खूशही झाली.

पुढे एका सकाळी हैबती आणि रायबा कड्याकडे गेले आणि ठकू भाकरी थापत बसली. मागून गुणगुण ऐकू आली. माशी शिरली असेल म्हणून वळली, तर माशी कुठेच नव्हती. फळीजवळ गेली तर आवाज बरणीतून येत होता. कान लावला तर आत खदखद, सूं सूं, आणि झाकणावरचं मेण फुगून तडकलेलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणे भिंतीला चिकटून उभी राहिली.

ओली मिरची मधात कोंडली की मध आंबतो, हे आज शेंबडं पोरही सांगेल. तिला एवढंच कळलं की देवी मध मागायला आली. म्हणजे हैबतीने पोरीसाठी मोहळ सगळंच कापून आणलं असणार. आणि तो ह्या घटकेला त्याच कड्यावर लोंबकळत होता.

"पोरीपाशी बसा," एवढंच सासूला सांगून तिने बरणी उचलली. देवीचं देवीला परत करायचं आणि नवऱ्याला मागून घ्यायचं, दुसरं काही तिला सुचलं नाही. चढणीवर पोटाशी धरलेली बरणी हिंदकळत होती आणि आतली गुरगुर वाढतच होती. टाकावी तर देवीचा कोप, धरावी तर आत काय आहे कोणास ठाऊक. पण ती थांबली नाही.

माथ्यावर रायबा खडकाला टाच रोवून बसला होता. जांभळीच्या बुंध्याला दोराचा एक वेढा, बाकी सगळा भार त्याच्या हातांवर. बहिणीला धावत येताना पाहून तो म्हणाला, "आक्का, पोरीला काय झालं?"

ती तोंड उघडते तोच फाडकन आवाज झाला. झाकण उडालं. तिखट मध तिच्या हातांवर, पदरावर आणि थेट रायबाच्या डोळ्यांत गेला. बरणी खडकावर फुटली. रायबाचे हात आपोआप डोळ्यांकडे गेले. माणूसच तो, त्याला काय बोल लावणार? पण दोर सुटला.

वेढ्यातून दोर सरसरत निघाला आणि ठकूने त्यावर झडप घातली. दोराने तळवे सोलले, सोललेल्या तळव्यांत मिरची शिरली. पण मधाने हात चिकटले होते. दोर थांबला. खालून हैबतीची किंकाळी आली. माश्या उठल्या आणि तिच्या मधाळ हातांवर येऊन बसल्या. कोणी म्हणतं, देवीच्या माश्यांनी तिला एकही डंख केला नाही. मला विचाराल तर केला असणार, माशीच ती. ठकूने पुढे सांगितलं ते इतकंच, की भीतीने हात बधिर झाले होते, दोर हातात आहे की गेला तेच समजत नव्हतं. जळत होतं म्हणून समजत होतं.

रायबा चाचपडत आला, दोघांनी मिळून ओढलं, हैबती वर आला. ठकूने विचारलं, "देवीला ठेवला हुता का?"

"पोर खोकत हुती गं," म्हणाला आणि मान खाली घातली.

फुटलेल्या बरणीतला मध त्यांनी तिथेच माश्यांना सोडला. त्या खडकावर आजही तांबडा डाग आहे. आजही आमच्याकडे मिरची खुळखुळेपर्यंत वाळवल्याशिवाय मधात पडत नाही, बरणी काठोकाठ भरत नाहीत आणि गुणगुणली तर त्यातलं बोटभरही पोराला चाटवत नाहीत. आणि आजही कोणी कड्यावर उतरणार असेल, तर बहीण दोर धरणाऱ्या भावाच्या तळहाताला आधी तिखट मध चोळते आणि विचारते, "जळतंय का?" त्याने जळतंय म्हटल्याशिवाय दोर हातात द्यायचा नाही.

गेल्या साली माझ्या नातसुनेने असंच विचारलं, तर तिचा भाऊ हसून म्हणाला, "छे, काही नाही जळत." तिने दोर गुंडाळला, काखेत मारला आणि नवऱ्याला घेऊन घरी आली.