खापरटेकाची ठकू

या टेकाला खापरटेक म्हणतात. पायाखाली करकर वाजतं ना, ती खापरं. एक उचललंत, बरं केलंत. आता उलटं करा. बाहेरच्या अंगाला लाकडी थापीचे मार आहेत. आतल्या अंगाला बोटं उमटलीत. तुमची बसायची नाहीत त्यात. बाईची आहेत.

असं सांगतात, इथल्या गढीच्या मालकाला गावाचं सगळं धान्य मावेल एवढा एकच रांजण हवा होता. म्हणजे झाकणही एक आणि कुलूपही एक. झाला नाही तर घर पाडीन, असं त्याने हैबती कुंभाराला बजावलं. तळ्याची सगळी चिकणमाती त्या रांजणात गेली.

भांडं चोपताना बाहेरून थापी मारायची, आतून दगडाचा गुंडा धरायचा. एवढ्या रांजणात हात कुणाचा पोचणार? सून ठकू अंगाने बारकी. तिलाच गुंडा देऊन आत बसवली. भिंत चढत गेली, रांजणाचा गळा आवळत आला, आणि मग कळलं की तिचे खांदे आता बाहेर निघत नाहीत.

"मामंजी, मी आत आहे."

"हळू बोल गं, गळा ओला आहे."

सासू वरून भाकरीचे तुकडे टाकायची म्हणे. ओली भिंत ठकूने मुठीने पाडली असती. पण घर जाईल म्हणून गप्प राहिली. आम्हाला असंच गप्प बसवतात. माती सुकली. एका दुपारी बाहेर रांजण भाजायला गोवऱ्या रचल्याचा आवाज यायला लागला.

"मामंजी, काय करताय?"

"गढीचा माणूस दारात उभा आहे, पोरी."

हैबती रडत होता म्हणतात. रडत होता, पण रचत होता.

तेव्हा ठकूने गुंडा उचलला आणि घडवलेली भिंत आतून फोडली. बाहेर आली तर सासरा हात जोडून म्हणतो, "तुकडे भिजवू, परत मळू." कच्ची माती भिजली की परत माती होते, हे खरंच. ठकूने सगळे तुकडे त्याच गोवऱ्यांत लोटले आणि भाजणीचा आवा पेटवला. भाजलेलं खापर कुणाच्या बापाला मळता येत नाही.

घर पाडलं गढीच्या मालकाने. पाडू दे. गढी होती तिथे आता बाभळी आहेत.

आजही आम्हा कुंभारांत आवा पेटवायच्या आधी घरची सून एक कच्चं मडकं आपटते आणि तुकडे आव्यात टाकते. सासऱ्याने ब्र काढायचा नाही. यंदा माझ्या सुनेने सगळ्यात मोठं निवडलं, मेलीने. मीच उचलून दिलं तिला.

आता ते खापर जागेवर ठेवा. असं नाही. बोटं वर.