दाण्याचा निरोप

फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी लक्षात ठेवावी.

एका अवघड घाटात अन्नछत्र होतं. चाळीस वर्षं तिथली चूल विझली नव्हती. दाणा खालच्या गावातून यायचा. छत्राचा म्हातारा प्रत्येक घराचा दाणा वेगळ्या मडक्यात ठेवायचा.

म्हाताऱ्याचे गुडघे गेले. त्याने पळी पुतण्याच्या हाती दिली.

पुतण्या हसला. "काका, एवढी मडकी कशाला?" त्याने सगळं धान्य एका मोठ्या कणगीत ओतलं. गावात दवंडी पिटली, "दान टाका, पुण्य जोडा!"

पहिल्या महिन्यात कणगी भरली. दुसऱ्या महिन्यात अर्धी झाली. चौथ्या महिन्यात दोन दिवसांचा दाणा उरला. घाटात थंडी पडली होती आणि वाटसरू येतच होते.

"काका, गाव कंजूष झालं."

"गावाला नावं ठेवू नको. माझी काठी दे."

"आणि झोळी?"

"झोळी कशाला? मागायला चाललोय का आपण?"

दोघं गावात उतरले. पहिल्याच दारात फटकळ गंगूआत्या उभी होती. "आलात का भीक मागायला?"

"नाही. तुझ्या बाजरीचा निरोप माझ्याकडे राहून गेला होता. गेल्या थंडीत एक बाळंतीण घाटात अडकली. तुझ्या मडक्यातल्या बाजरीची पेज प्यायली, तेव्हा तिच्या अंगावर दूध उतरलं."

आत्या उंबऱ्याबाहेर आली. मग हळूच म्हणाली, "पोर जगलं?"

"जगलं. रांगतंय."

पुढच्या घरचा शेतकरी पुतण्याकडे वळला. "आणि आमच्या नाचणीचं काय झालं रे?"

पुतण्या खाली पाहू लागला. "सगळं एकत्र ओतलं होतं."

"मग पुढची नाचणी कणगीकडेच माग!"

पुतण्याने शेतकऱ्याचे पाय धरले. "चुकलो. या खेपेला निरोप घेऊन येईन."

म्हातारा काही न मागता माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घाटात माणसांची रांग लागली. सर्वांत पुढे गंगूआत्या होती, डोक्यावर पाटी घेऊन. तिच्या मागे तो शेतकरी.

"माझं मडकं वेगळं ठेव," आत्या पुतण्याला म्हणाली. "आणि कोण जेवलं ते सांगायला येत जा. नाहीतर मीच येईन!"

पुतण्याने कणगी मोडली आणि मडकी पुन्हा मांडली. पुढे राजाचा माणूस आला. म्हणाला, "राजा सगळा दाणा पुरवील. दारावर त्याचं नाव कोरा." पुतण्याने मान ताठ केली. "एक मडकं रिकामं आहे. राजाचा दाणा त्यात ठेवू. निरोप त्यालाही मिळेल."

ती चूल पुन्हा कधी विझायला आली नाही.

तात्पर्य : दात्याच्या दारी मागायला एकदा जावं, सांगायला दहादा जावं.