पिसाऱ्यामागचं गवत

मुलांनो, शपथेवर सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. मी स्वतः जांभळीवर बसून पाहिली. म्हणजे, जांभळीवर माकड बसलं होतं, मी नव्हतो. पण गोष्ट खरी.

त्या जांभळीखाली मोरगुरुजी शाळा भरवत. सोमवारी ते शिकवत असताना माकड वरून मधेच ओरडलं, "गुरुजी, शेंड्याची जांभळं पिकली." गुरुजी पोट धरून हसले. मंगळवारी ससा मधेच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पिसांवर मुंग्या चढल्यात." गुरुजींनी त्याला दिवसभर उन्हात एका पायावर उभं केलं. शाळा सुटताना सशाने भीतभीत विचारलं, "म्हणजे मधे बोलायचं की नाही?"

"ते मी त्या त्या वेळी ठरवीन," गुरुजी म्हणाले.

बुधवारी गुरुजी वर्गाकडे तोंड करून, पिसारा फुलवून उभे होते. पिसाऱ्यामागचं ना त्यांना दिसत होतं, ना मुलांना. माकड फांदीवर पेंगत होतं. अगदी कडेला बसलेल्या सशाला मात्र दिसलं, वारा नसताना गवत हलतंय. मग गवतात ठिपके दिसले. बिबट्या होता.

सशाने पंजा वर केला. गुरुजींचं लक्ष नव्हतं.

"खारूताई, ओरडू का?" तो शेजारणीच्या कानात पुटपुटला.

"काल काय झालं, विसरलास?"

"पण सोमवारी माकड ओरडलं, तेव्हा हसले की."

"ते माकड. तू ससा."

ठिपके आणखी पुढे सरकले. सशाने पंजा आणखी उंच केला. "गुरुजी, बोलू का?"

"बोलू का, असं विचारणंसुद्धा बोलणंच," गुरुजी म्हणाले. सशाने तोंड मिटलं. गवत हलायचं थांबलं.

आणि बिबट्याने झेप घेतली. मुलं वाट फुटेल तिकडे पळाली. गुरुजी कसेबसे फांदीवर पोचले. पिसारा बिबट्याच्या तोंडात राहिला.

बिबट्या गेल्यावर गुरुजी सशावर कडाडले, "दिसत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होतो, गुरुजी. पण आज हसायचा दिवस आहे की उन्हात उभं राहायचा, तेच कळेना."

 दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मुलांना विचारून खडकावर नियम कोरले. बोलायचं तर पंजा वर करायचा, आणि गुरुजींनी तो पाहायचा. संकट दिसलं तर न विचारता ओरडायचं. एरवी मधे बोलेल तो, माकड असो वा ससा, सुट्टीपर्यंत मागे बसेल. दुपारी माकड पुन्हा मधेच जांभळं पिकल्याचं ओरडलं. गुरुजींनी नुसतं खडकाकडे पाहिलं. माकड मुकाट्याने मागे जाऊन बसलं.

आता कबूल करतो, बिबट्या गोष्टीत मी घातला. मोराची पिसं दरवर्षी गळतातच, तशी गुरुजींची गळली. पण पंजा वर धरून गप्प बसलेला ससा खरा आहे.

तात्पर्य : शाळेत काय चालेल, काय नाही आणि चुकलं तर काय होईल, हे आधीच स्पष्ट आणि सगळ्यांना सारखं असावं, नाहीतर मुलं शिस्त शिकत नाहीत, फक्त गुरुजींचा चेहरा वाचायला शिकतात.